चोख काम आणि निरोगी मन
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या स्नेहसंमेलनात चार शब्द बोलण्याचा मान मंडळाने आम्हांस दिला, याबद्दल आम्ही मंडळाचे मनःपूर्वक ऋणी आहोत. आम्ही वक्ते नव्हे, लेखकही नव्हे. आमची छत्तीस वर्षे बँकेच्या नोकरीत जमा आणि नावे यांचा मेळ घालण्यात गेली. तेव्हा आमच्या बोलण्यात अलंकार सापडणार नाहीत, थोडाफार हिशेब मात्र सापडेल.

कार्यवाहांनी आम्हांस विषय दिला तो असा, की नोकरी-व्यवसायात काम चोख कसे करावे आणि मन निरोगी कसे राखावे. हे दोन निराळे विषय आहेत, असे प्रथम आम्हांसही वाटले. काम हा साहेबाच्या अखत्यारीतला विषय आणि मन हा वैद्याच्या. परंतु आपल्याच नोकरीची वर्षे आठवून पाहता आमची अशी खात्री झाली की, ज्याचे मन भयाने ग्रासलेले आहे त्याच्या हातून काम फार काळ चोख होत नाही. आणि ज्याला आपले काम उघड्यावर ठेवता येत नाही त्याचे मनही फार काळ निरोगी राहत नाही. ही गोष्ट आम्हांस कोणत्या ग्रंथाने शिकविली नाही. नऊशे रुपयांच्या एका फरकाने शिकविली. ती हकीकत प्रथम सांगतो.

साल १९८३. एका तालुक्याच्या गावी आम्ही कारकून होतो. नोकरीस दोन वर्षे झाली होती. संगणक नव्हते, सर्व खतावण्या हाताने लिहावयाच्या. महिनाअखेर प्रत्येक खातेदाराची शिल्लक उतरवून त्यांची बेरीज घ्यावयाची आणि ती मुख्य खतावणीतील आकड्याशी जुळवावयाची, असा नियम होता. त्या महिन्यात ताळा जुळेना. नऊशे रुपयांचा फरक येत होता. रक्कम मोठी नव्हे. पण बँकेत एका रुपयाचा फरकही फरकच. संध्याकाळी शाखा बंद झाल्यावर पाच माणसे वह्या घेऊन बसत आणि रात्री नऊ-साडेनऊला घरी जात. आमचे शाखाधिकारी तापट होते. पहिल्याच दिवशी एका सहकाऱ्यास, त्याचा काही दोष नसता, त्यांनी सर्वांदेखत नको ते बोलून घेतले.

दुसऱ्या दिवशी आमच्याच हातची नोंद आमच्या दृष्टीस पडली. ५,४०० रुपयांचा भरणा आम्ही खात्यात ४,५०० असा चढविला होता. क्षणभर हायसे वाटले आणि लगेच पोटात गोळा आला. आदल्या दिवशीचे बोलणे कानांत होते. आम्ही वही मिटली आणि गप्प राहिलो. त्या रात्री आणि तिसऱ्या रात्रीही आमचे चार सहकारी जो फरक शोधीत होते तो आम्हांस ठाऊक होता. त्यांतील एकाच्या घरी मूल तापाने आजारी होते. आम्ही त्यांच्याबरोबर बेरजा करण्याचे सोंग करीत बसलो. ज्ञातिबंधूंनो, त्या दोन रात्रींची लाज आम्हांस आजही वाटते.

चौथ्या दिवशी आमचे हेडक्लार्क सर्वांच्या मध्ये येऊन उभे राहिले. ते शांतपणे म्हणाले, "फरकास नवाने भाग जातो. म्हणजे कोणीतरी आकडे उलटे लिहिले आहेत. असे माझ्याही हातून तीनदा झाले आहे. ज्याच्या लक्षात आले असेल त्याने सांगावे, म्हणजे सर्वांना वेळेवर घरी जाता येईल." नवाचा नियम हिशेबनिसांस जुना आहे. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले की येणारा फरक नवाने भागला जातो. पण त्या दिवशी आम्हांस नियमाने बोलते केले नाही. "माझ्याही हातून तीनदा" या शब्दांनी बोलते केले. आम्ही उठून चूक कबूल केली. त्यांनी आम्हांस चुकीचा आकडा एका रेघेने खोडावयास लावला, खोडलेला आकडा वाचता येईल असा ठेवला, वर बरोबर आकडा लिहवून घेतला, शेजारी आपली सही केली, आणि शिपायाकडून सर्वांसाठी चहा मागविला. दोन रात्री गप्प का राहिलास, एवढे मात्र त्यांनी एकान्तात विचारले. आणि उत्तराची वाट न पाहता, "पुन्हा राहू नकोस," असे म्हटले.

बँकेच्या वहीत चूक रबराने पुसावयाची नसते, आकड्यावर आकडा गिरवावयाचा नसतो. जुना आकडा दिसला पाहिजे, नवा आकडा दिसला पाहिजे आणि दुरुस्ती कोणी केली हेही दिसले पाहिजे. चोख कामाची याहून चांगली व्याख्या आम्हांस अद्याप मिळालेली नाही. हल्ली व्यावसायिकता हा शब्द फार ऐकू येतो. कडक इस्त्रीचे कपडे, सफाईदार इंग्रजी, रात्री बारा वाजता आलेल्या निरोपास सव्वाबारा वाजता दिलेले उत्तर, यांस लोक व्यावसायिकता समजतात. आमच्या मते दिलेला शब्द पाळणे, न जमणारी गोष्ट वेळीच 'जमणार नाही' म्हणून सांगणे, आणि चूक झाली तर ती प्रथम आपण बोलून दाखविणे, या तीन गोष्टींत ती सर्व आली. यांपैकी तिसरी सर्वांत कठीण, कारण ती हाताने करावयाची नसून मनाने करावयाची असते.

ही गोष्ट केवळ हिशेबाच्या वह्यांपुरती आहे, असे कोणी समजू नये. वैद्यकीय क्षेत्राचे एक उदाहरण देतो. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेच्या वेळी वाचावयाची १९ कलमांची एक यादी प्रसिद्ध केली. कलमे अगदी साधी. रुग्ण तोच आहे ना? शस्त्रक्रिया करावयाची जागा तीच ना? मोजलेले कापडाचे बोळे आणि सुया पुऱ्या आहेत ना? खोलीतील प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगितले आहे ना? नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे तेथील शस्त्रक्रियांनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर, आणि गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण शेकडा ११ वरून ७ वर आले. त्या शल्यवैद्यांस या गोष्टी पूर्वी ठाऊक नव्हत्या काय? ठाऊक होत्याच. यादीने एवढेच केले की, कनिष्ठ परिचारिकेसही सर्वांसमोर 'थांबा, एक बोळा कमी आहे' असे म्हणण्याचा अधिकार मिळाला, आणि तसे म्हटल्याने कोणाचा अपमान होत नाही हे ठरून गेले.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताने पुढे ही यादी सर्व रुग्णालयांस सक्तीची केली. परंतु २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथे मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय घट आढळली नाही. सक्तीने कागदावर खुणा करविता येतात. पण बोलण्याचे आणि ऐकून घेण्याचे मन सक्तीने तयार करता येत नाही, असा बोध आम्ही यातून घेतो.

आता मनाकडे वळू. बँकेत उचंत खाते नावाचे एक खाते असते. ज्या रकमेचा धनी तत्काळ कळत नाही, किंवा जी कोठे दाखवावी याचा निर्णय झालेला नाही, ती तात्पुरती या खात्यात ठेवतात. खाते उपयोगाचे आहे; ते नसेल तर दिवसाचा व्यवहार अडून राहील. पण त्यातील रक्कम तेथेच वर्षानुवर्षे पडू द्यावयाची नसते. तपासनीस शाखेत आला की प्रथम उचंत खाते मागतो, कारण शाखेचे दुखणे तेथे सापडते. मनाचेही असेच आहे. वरिष्ठ तोडून बोलले, ग्राहकाने अपशब्द वापरला, बढती दुसऱ्यास मिळाली. त्या त्या क्षणी हे सर्व बाजूस ठेवून हातचे काम पुरे करावे लागते, आणि तसे करता येणे हा कामाच्या शिस्तीचाच भाग आहे. परंतु संध्याकाळी, निदान आठवड्याच्या अखेरीस, त्याचा निकाल लावला पाहिजे. यातील कोणते बोलणे आपल्या कामाविषयी होते? ते खरे असेल तर कामात दुरुस्ती करावी. कोणते बोलणे केवळ समोरच्याच्या तापट स्वभावाचे होते? ते ज्याचे त्याच्या खाती टाकावे आणि आपली पाटी कोरी करावी. 'माझे टिपण चुकले' आणि 'मी नालायक आहे' ही दोन वाक्ये एक नव्हेत. पहिल्याची दुरुस्ती लाल शाईच्या एका रेघेने होते. दुसरे मनात ठेवून माणूस खंगत जातो.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. सर्वच गोष्टी पोटात घालाव्यात, असे आमचे म्हणणे नाही. अन्याय मुकाट्याने सोसणे याचे नाव व्यावसायिकता नव्हे. विशेषतः आपल्या भगिनींनी आणि कन्यांनी हे ध्यानात ठेवावे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ साली कायदा झाला आहे, आणि दहा किंवा अधिक माणसे काम करीत असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रार ऐकण्यासाठी अंतर्गत समिती असणे त्याने बंधनकारक केले आहे. अशा वेळी घरच्यांनी 'नोकरी जाईल, गप्प राहा' असा सल्ला देऊ नये. तारीख-वार लिहून ठेवावे आणि तक्रार करावी.

दुसरी गोष्ट विश्रांतीची. रविवारची सुटी ही आकाशातून पडली नाही. ती आपल्याच मुंबईत मागून, भांडून मिळविलेली आहे. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्या वेळी कामगारांनी मागितले ते काय? दर रविवारी सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, आणि महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत. सूर्यास्तापर्यंतचे काम ही जेथे सवलत म्हणून मागावी लागली, तेथील मूळ स्थिती काय असेल याची कल्पना करावी. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. त्या पुरुषाने आणि त्या कामगारांनी मिळविलेला रविवार आज आपले सुशिक्षित तरुण खिशातल्या फोनच्या स्वाधीन करीत आहेत, हे पाहून आम्हांस खेद होतो.

हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली एक संयुक्त अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्यास ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेने ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांस पक्षाघाताचा धोका अदमासे शेकडा ३५ नी, आणि हृदयविकाराने मरण येण्याचा धोका शेकडा १७ नी अधिक असतो, असे त्यात दाखविले आहे. हंगामात, वर्षअखेरीस जास्त बसावे लागते. आम्हीही ३१ मार्चला पहाटेपर्यंत बसलो आहोत. पण वर्षाचे बाराही महिने मार्च असू शकत नाहीत.

अतिश्रमाने मन कसे झिजते, याची लक्षणेही आता नमूद झालेली आहेत. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची जी आवृत्ती २०१९ साली मान्य होऊन १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली, तीत या अवस्थेचा उल्लेख आहे. तिला रोग म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हटले आहे. लक्षणे तीन. शक्ती आटून गेल्यासारखा थकवा. आपल्या कामाविषयी तुटकपणा किंवा कडवटपणा. आणि पूर्वी सहज जमणारे काम आता नीट होत नाही अशी स्थिती. घरातील कर्त्या मुलाच्या अथवा सुनेच्या ठायी ही लक्षणे दिसली तर 'आमच्या वेळी असे नव्हते' हे वाक्य कृपया उच्चारू नये. आमच्या वेळीही होते. आम्ही त्यास डोकेदुखी आणि पित्त म्हणत होतो.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हे व्याख्यान स्वीकारले ती गोष्ट सांगतो. ती ऐकताना कोणी आजूबाजूस पाहू नये, कारण नाव-गाव आम्ही बदलून नव्हे, तर वगळूनच सांगत आहोत, आणि संबंधितांच्या अनुमतीने सांगत आहोत.

आपल्या ज्ञातीतील एका तरुणाचा काही वर्षांपूर्वी याच व्यासपीठावर सत्कार झाला. संगणक क्षेत्रात मोठी नोकरी लागली होती. सत्काराच्या वेळी त्यांचा वार्षिक पगार ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखविण्यात आला. टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढे २०२३ साली त्या क्षेत्रात जगभर नोकरकपात झाली आणि त्यांची नोकरी गेली. त्यांत त्यांचा दोष नव्हता. परंतु साडेतीन महिने ते रोज सकाळी पाठीस पिशवी लावून, आईने दिलेला डबा घेऊन घरातून निघत, एका सार्वजनिक वाचनालयात बसत आणि संध्याकाळी सातला परत येत. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनास ते कुटुंब आले नाही. आपण म्हणालो, 'मोठे झाले, आता कशाला येतील!' अखेर घरकर्जाचे हप्ते थकल्याची नोटीस घरी आली, तेव्हा वडिलांस कळले. बँकेतले गृहस्थ म्हणून ते आमच्याकडे आले. आम्ही पितापुत्रांसह त्यांच्या बँकेत गेलो. मुदत वाढवून हप्ता कमी करून मिळाला. त्या अवधीत त्यांनी डॉक्टरांचाही सल्ला घेतला. आज ते पूर्वीहून कमी पगारावर एका लहान कंपनीत काम करीत आहेत आणि त्यांची प्रकृती उत्तम आहे.

आम्ही त्यांस विचारले, "घरी का सांगितले नाही?" त्यांनी उत्तर दिले, "काका, घरी सांगितले असते. पण घरचे मंडळात काय सांगणार होते?"

ज्ञातिबंधूंनो, त्या सत्काराच्या दिवशी पगाराचा आकडा वाचणारे गृहस्थ आम्हीच होतो. १९८३ साली एका तापट अधिकाऱ्याच्या भीतीने आम्ही दोन रात्री चूक लपविली. चाळीस वर्षांनी, आमच्याच कौतुकाच्या भीतीने एका मुलाने साडेतीन महिने आपले दुःख लपविले. त्यास दरडावणारे कोणी नव्हते. टाळ्या वाजविणारे आम्ही सर्व होतो. ज्या समाजात यश वाजत-गाजत येते आणि अपयशास मागच्या दारानेही प्रवेश नसतो, त्या समाजातील मुले कामावर गेल्यावर आपली चूक मोकळेपणाने कशी सांगतील? ती धाडसाची सवय कचेरीत लागत नाही. घरी आणि अशा सभागृहातच लागते. म्हणून हा प्रश्न केवळ नोकरी करणाऱ्यांचा नव्हे, तर आपल्या मंडळाचाही आहे.

यास्तव कार्यकारी मंडळासमोर आम्ही तीन नम्र सूचना ठेवीत आहोत. पहिली, यापुढे सत्काराच्या वेळी कोणाच्याही पगाराचा आकडा वाचू नये. त्याने काय काम केले ते सांगावे. कार्यवाहांनी ही सूचना आजच्या कार्यक्रमापासूनच अमलात आणली, याबद्दल त्यांचे आभार. दुसरी, मंडळाच्या कार्यालयात महिन्यातून एक रविवार निरनिराळ्या नोकऱ्यांतून निवृत्त झालेल्या चार-पाच सभासदांनी बसावे. ज्यास काम हवे आहे, ज्याचे काम गेले आहे, ज्यास कर्जाच्या हप्त्याची वा वरिष्ठांच्या जाचाची विवंचना आहे, त्याने तेथे यावे. येथे ऐकलेले बाहेर जाणार नाही, अशी शपथ बसणाऱ्यांनी घ्यावी. आम्ही पहिल्या रविवारपासून बसण्यास तयार आहोत. तिसरी, मनाच्या दुखण्यास सल्ल्यापेक्षा अधिक काही लागत असेल तर संकोच न करता तज्ज्ञांकडे जाण्यास आपण एकमेकांस धीर द्यावा. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी टेलिमानस नावाची दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक स्मरणिकेच्या या पानावरून प्रत्येकाने आपल्या घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा.

तरुण मित्रांस शेवटी एवढेच सांगावयाचे आहे. काम मन लावून करा, वेळेवर करा, झालेली चूक प्रथम तुम्ही सांगा, आणि दुसरा सांगू लागला तर त्यास चहा पाजा. वडीलधाऱ्यांस विनंती ही की, मूल संध्याकाळी घरी आले म्हणजे 'आज साहेब काय म्हणाले' असे विचारण्यापूर्वी 'जेवलास का' असे विचारावे. आमचे ते हेडक्लार्क आज हयात नाहीत. त्यांनी खोडलेल्या आकड्याशेजारी केलेली ती छोटीशी सही मात्र आम्हांस अजून डोळ्यांसमोर दिसते. आपल्या मुलाबाळांच्या चुकांशेजारी आपणही तशी एक सही करण्यास शिकावे, एवढीच प्रार्थना.